सातपुड्याचा अंधार आणि आपले हायमास्ट

पोस्ट लांब आहे. कापसाचा भाव आणि केळीचा पीकविमा यातून सवड मिळाली तर वाचा.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी लडाखमधल्या हानले गावाजवळ 'मेस' नावाच्या दुर्बिणीचं उद्घाटन झालं. आरशाचा व्यास २१ मीटर, वजन सुमारे १८० टन, उंची समुद्रसपाटीपासून ४,२७० मीटर. आपल्या प्रकारातली आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण. उभी केली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने म्हणजे बीएआरसीने, हैदराबादच्या ईसीआयएल आणि इतरांच्या मदतीने. तिचं काम एकच: आकाशातून येणारे अतिप्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण कुठून येतात ते शोधायचं.

अशी बातमी आली की खाली पहिली कमेंट ठरलेली. "भाऊ, याचा शेतकऱ्याला काय उपयोग?" त्या कमेंटला हसणाऱ्यांतला मी नाही. प्रश्न कर भरणाऱ्याचा आहे, विचारलाच पाहिजे. पण उत्तर द्यायला लडाखपासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्या सातपुड्यापासून करता येते.

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतून उत्तरेला जी निळी रेघ दिसते, तीच रांग पुढे पूर्वेला मध्य प्रदेशात पचमढीला जाते. भुसावळहून खंडवा, इटारसी करत पिपरिया स्टेशनला उतरलं की वर पचमढी. आपल्याकडे लोकांना ती थंड हवेचं ठिकाण म्हणून माहीत, वऱ्हाड-नागपूरकडच्यांना महादेवाच्या आणि नागद्वारच्या यात्रेमुळे. पण १९८६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी याच पचमढीत गॅमा किरणांचा शोध चालवला होता, हे किती जणांना माहीत आहे? देशातला या विषयातला एक मोठा प्रयोग आपल्याच डोंगररांगेवर झाला. आमच्या शाळेच्या कुठल्या पुस्तकात तो नव्हता, आणि जिल्ह्यातल्या कुठल्या विज्ञान प्रदर्शनात त्याचं मॉडेल मी आजवर पाहिलेलं नाही. प्रदर्शनात कायम ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन.

आता हे किरण म्हणजे काय ते थोडक्यात. प्रकाशाचे कण असतात. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात जेवढी ऊर्जा, तिच्या हजारो कोटी पट ऊर्जा या गॅमा किरणांच्या एका कणात. असला कण आपल्या सूर्यासारख्या साध्या ताऱ्याच्या उष्णतेतून निघत नाही. तो निघतो जिथे काहीतरी भयंकर चाललंय तिथून. तारा फुटून उरलेल्या ढगातून, गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्याच्या आसपासून, किंवा दूरच्या दीर्घिकेच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवराच्या फवाऱ्यातून.

अडचण अशी की हे कण फार म्हणजे फार विरळ येतात. वृषभ राशीत रोहिणीच्या पलीकडे, बैलाच्या शिंगाच्या टोकाशी, क्रॅब म्हणजे खेकडा नावाचा एक तेजोमेघ आहे. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. इ.स. १०५४ मध्ये तिथे एक तारा फुटलेला चिनी लोकांनी पाहिला, काही आठवडे तो भरदिवसा दिसत होता, अशी नोंद आहे. हा मेघ या गॅमा किरणांचा आकाशातला सर्वांत भरवशाचा उगम. तरीसुद्धा त्याच्याकडून येणारे, एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे कण एक चौरस मीटर जागेवर वर्षभरात किती? पाच-सहा. आता सांगा, उपग्रहावर केवढं यंत्र चढवणार?

म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. वातावरणालाच यंत्र बनवलं. गॅमा किरण हवेत वर कुठेतरी आदळतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निघते, त्यांच्यातून पुन्हा गॅमा, त्यांच्यातून पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार होत कणांची सर खाली येते. या सरीचं गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्यांपैकी एक होते होमी भाभा, आणि पुढे टीआयएफआर ही संस्था त्यांनीच काढली. तर हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावतात, आणि त्यामुळे एक फिकट निळी झळक उमटते. तिला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. टिकते किती, तर सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या पाच-दहा पट. पण जमिनीवर ती साधारण १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडते. हिशोब केला तर सुमारे अकरा एकर. त्या अकरा एकरांत कुठेही एक आरसा आकाशाकडे तोंड करून ठेवा, झळक त्यात सापडणार. मग वर्षाला पाच-सहाचे, एकट्या क्रॅबकडूनच, तासाला पंचवीस-तीस होतात. एवढ्यात काम भागतं.

आमच्याकडचा माणूस हे ऐकून म्हणेल की मग आमच्या वावरावर पण पडत असेल की. पडतेच! आणि इथे एक गंमत सांगतो. क्रॅब आकाशात ज्या रेषेवरून फिरतो ती जळगाव-धुळ्याच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते. फरक जेमतेम एका अंशाचा. डिसेंबरच्या मध्यात, रात्री बाराच्या सुमारास तो ऐन माथ्यावर असतो. याच दिवसांत, याच वेळी आपला शेतकरी हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला रानात असतो. हौस म्हणून नव्हे, थ्री फेज रात्रीची मिळते म्हणून. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. त्याच्या अकरा एकरांवर साडेसहा हजार वर्षांपूर्वी निघालेल्या किरणांच्या झळका पडत असतात आणि त्याला त्या दिसत नाहीत, कारण त्या कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत.

यंत्राला दिसतात, पण अट एकच. अंधार पाहिजे. साधा अंधार नाही, काळाकुट्ट. चांदणं पडलं तरी या दुर्बिणींचं काम अडतं. गावाच्या दिव्यांचा उजेड ढगांवर आणि धुळीवर चढला की ती निळी झळक त्यात बुडून जाते.

या शोधाचा इतिहास म्हणजे जुगाडाचा इतिहास आहे, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो. १९५३ मध्ये इंग्लंडात गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी ही झळक पहिल्यांदा पकडली तेव्हा त्यांचं यंत्र काय होतं? कचऱ्याचा डबा. बाजूचा उजेड येऊ नये म्हणून डब्यात २५ सेंटिमीटरचा आरसा आणि एक प्रकाश मोजणारी नळी ठेवली होती. आपल्याकडे टीआयएफआरच्या लोकांनी १९६९ मध्ये उटीला सुरुवात केली ती सर्चलाइटच्या दोन आरशांवर. युद्धात विमानं शोधायला आकाशात झोत फेकतात ना, तसले आरसे. फेकण्यासाठी बनवलेला आरसा यांनी झेलण्यासाठी लावला. हळूहळू आरसे वाढवले. मग रात्री स्वच्छ आणि काळ्या मिळतील अशी जागा म्हणून १९८६ मध्ये बाडबिस्तरा पचमढीला हलवला. नव्वदच्या दशकाअखेरीस तिथे दोन डझन दुर्बिणी उभ्या राहिल्या, प्रत्येकीत ०.९ मीटरचे सात-सात आरसे, ८० बाय १०० मीटरच्या जागेत. म्हणजे आपल्या भाषेत दोन एकर.

खरी अवघड गोष्ट पुढे आहे. आकाशातून फक्त गॅमा किरण येत नाहीत, त्यांच्या हजारपट विश्वकिरण येतात. ते बहुतेक प्रोटॉन वगैरे, आणि त्यांचीही तशीच सर पडते, तशीच झळक होते. ते विद्युतभारित असल्यामुळे आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात भरकटत येतात. कुठून निघाले याचा पत्ता त्यांच्याकडे नसतो. गॅमा किरण सरळ रेषेत येतो, त्याच्याकडे पत्ता असतो. म्हणजे ढीगभर भुशात मूठभर दाणे, आणि उपणायचं आहे सेकंदाच्या अब्जांश भागात. अमेरिकेतल्या व्हिपल वेधशाळेने १९८९ मध्ये झळकेचा आकार पाहून ते साधलं आणि क्रॅबची पहिली पक्की नोंद झाली. गॅमाची झळक बारीक लांबट, प्रोटॉनची पसरट वेडीवाकडी. पचमढीकरांनी वेगळा रस्ता धरला. झळक प्रत्येक दुर्बिणीवर नेमकी कधी पोहोचली, त्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून दिशा आणि जात ओळखायची. बीएआरसीच्या मंडळींनी राजस्थानात माउंट अबूला 'टॅक्टिक' नावाची दुर्बीण लावून आकाराचा रस्ता धरला.

आता स्पष्ट बोलतो. मोठमोठे शोध यातून आपल्या नावावर लागले नाहीत. जगात आज असे अडीचशेच्या वर उगम माहीत आहेत, त्यातले बरेचसे नामिबियातल्या, कॅनरी बेटांवरच्या आणि अमेरिकेतल्या दुर्बिणींनी शोधले. अमेरिकेत १० मीटरचा आरसा १९६८ मध्ये उभा होता. आपण १९६९ ला सुरुवात केली, म्हणजे उशीर नव्हता. पण मोठा आरसा आपल्याकडे पहिला उजेड झेलता झाला २०२१ मध्ये. मधली पन्नास वर्षं माणसं छोट्या आरशांवर, कमी पैशांत लढत राहिली. याला चिकाटी म्हणून टाळ्या वाजवायच्या की सरकारची कंजुषी म्हणून कान धरायचे? मी तर दोन्ही करीन. २०२१ मध्येच चीनने सिचुआनच्या पठारावरून तोपर्यंतच्या विक्रमी ऊर्जेचे गॅमा किरण नोंदवल्याचं जाहीर केलं. आपल्या वेगावर यापेक्षा जास्त बोलायला नको.

पण पचमढी फुकट गेली असं म्हणणारा माणूस शेतीतला नाही. त्या दुर्बिणींची धाटणी जशीच्या तशी हानलेला गेली. तिथे 'हगार' नावाने सात दुर्बिणी २००८ पासून चालू झाल्या, प्रत्येकीत तेच ०.९ मीटरचे सात आरसे. तीच हाताला बसलेली माणसं, तोच अनुभव. आणि त्याच माळावर आता 'मेस', १,४२४ आरशांचे तुकडे जोडून केलेली. बी सातपुड्यात पेरलं होतं, कणीस लडाखमध्ये आलं.

आता त्या कमेंटकडे येतो. उपयोग काय? खरं उत्तर हे की कापसाच्या क्विंटलमागे एक रुपयाही वाढणार नाही. जो वाढेल म्हणतो तो फेकतोय. पण सार्वजनिक पैशातून आकाशाचा अभ्यास हा काही नेहरूंनी किंवा दिल्लीवाल्यांनी आणलेला शौक नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीला जा. तिथल्या देवळातला १२०७ सालचा शिलालेख काय सांगतो? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ सरदारांनी त्याला दान दिलं. दान म्हणजे काय, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हिस्सा होता तो मठाला, आणि घाण्यामागे पळीभर तेल. लेखातला हा दानाचा भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या तेल्याने ग्रहगणिताच्या शाळेसाठी पळी-पळी तेल दिलं. क्रॅबचा तारा फुटला तेव्हापासून भास्कराचार्यांच्या जन्मापर्यंत फक्त साठ वर्षं. तो खानदेश आणि आज "उपयोग काय" विचारणारा खानदेश एकच आहे ना भाऊ?

पाटणच्या तेल्याला कोणी उपयोग समजावला होता का, देव जाणे. त्याला घाण्याचं तेल द्यावं लागलं असेल, कर होता तो. पण त्या राज्याला तो कर कशावर लावावा याची अक्कल होती.

आपण आज कशावर खर्च करतो? हायमास्ट. आमदार निधी असो, जिल्हा नियोजनचा असो, ग्रामपंचायतीचा असो, पहिला प्रस्ताव हायमास्टचा. चौकात, मंदिरासमोर, स्मशानात, जिथे माणूस संध्याकाळनंतर फिरकत नाही अशा फाट्यावर. खांबावर नाव टाकता येतं, उद्घाटनाला बटण दाबता येतं, फोटो झकास येतो. आणि ते पांढरेफक एलईडी अर्धे आकाशाकडे, अर्धे समोरच्याच्या बेडरूमच्या खिडकीत. त्यातले किती सहा महिन्यांनी चालू असतात, तो वेगळ्या पोस्टचा विषय. शिवाय लग्नाच्या लॉनवर आणि डीजेवर शार्पी. वर सांगितलेला सर्चलाइट आठवा. शास्त्रज्ञांनी झोत फेकणारा आरसा उलटा करून आकाश झेललं, आपण हजारो रुपये भाडं देऊन तो पुन्हा सुलटा केला.

इथे मला माहीत आहे, कोणीतरी म्हणणार की पत्रकार साहेब, तुम्ही गावात राहता, अंधाराचं कौतुक तुम्हाला. रानात या एकदा. बरोबर आहे. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा संध्याकाळ झाली की लोक दारं लावून बसत होते. विंचू-सापाचं तर रोजचंच. त्या बाईला, त्या शेतकऱ्याला उजेड हवाच, आणि तो नाकारणारा मी कोण? पण नीट पाहा, हायमास्ट त्याच्या बांधावर कुठे आहे? तो चौकात आहे. बांधावर त्याला पाहिजे ती दिवसाची वीज. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे, धुळे जिल्ह्यात साक्रीला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर आहे. दिवसा थ्री फेज मिळाली तर रात्री रानात जायचीच गरज नाही. म्हणजे अंधार वाचवणं आणि शेतकऱ्याचा जीव वाचवणं या दोन मागण्या भांडत नाहीत.

आणि दिवे बंद करा असं मी म्हणतच नाही. दिव्याला टोपी घाला म्हणतो. उजेड खाली रस्त्यावर पडू द्या, रंग पिवळसर ठेवा, मध्यरात्रीनंतर अर्धे बंद करा. बिल कमी येतं. पथदिव्यांची बिलं थकलेल्या ग्रामपंचायतींच्या बातम्या आम्ही दरवर्षी लिहितोच.

हे कुठे होत नाही असंही नाही. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले. हानलेच्या परिसरात तर २०२२ च्या डिसेंबरात हजाराच्या वर चौरस किलोमीटरचं राखीव आकाश जाहीर झालं, आणि गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवायला शिकवलं. त्यावर त्यांची घरं चालायला मदत होते. आपल्याकडे रावेर तालुक्यातलं पाल आहे, पाटणादेवी आहे, शेजारी नंदुरबारमध्ये तोरणमाळ आहे. पाटणादेवीचं तर काय सांगू, भास्कराचार्यांच्या मठाची जागा आणि वर गौताळ्याचं जंगल. देशात अशी दुसरी जागा शोधून दाखवा. तिथे हिवाळ्यातल्या अमावस्यांना वनखात्याच्या परवानगीने, जबाबदार माणसं बरोबर ठेवून, शाळेची पोरं आणायला काय लागतं? दोन एसटी, एक चांगली दुर्बीण आणि आकाश ओळखणारा एक मास्तर. एका हायमास्टच्या खर्चाच्या आसपास हे बसेल असा माझा अंदाज आहे, कोणी अभियंता असेल तर दुरुस्त करावा.

पोरांसाठी अजून एक. या दुर्बिणी एकटे पीएचडीवाले बांधत नाहीत. आरसा बसवणारा, मोटर फिरवणारा, सर्किट जोडणारा लागतो. बीएआरसी बारावी विज्ञान, आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांना स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेते, एमएस्सी आणि बीईवाल्यांसाठी वेगळी प्रशिक्षण शाळा आहे. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून दरवर्षी भौतिकशास्त्राची पोरं बाहेर पडतात आणि सगळी एकाच दिशेने पुण्यात क्लासला जातात. जाहिरात निघते तेव्हा आमच्या पेपरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोलीस भरतीची येते, ही येत नाही. यापुढे मी टाकत जाईन.

हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो येतंय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, तिथे पंचक्रोशीने रेडिओ गोंगाट आवरता घेतला म्हणून ती चालते. खानदेशला उद्या काही मिळेल की नाही सांगता येत नाही, पण ज्या जिल्ह्याने आपली रात्रच पांढरी करून टाकली त्याला हे मागायचा तोंडच राहणार नाही.

येत्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांना आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरवलंय. मागण्या दोनच: यापुढच्या प्रत्येक हायमास्टच्या टेंडरमध्ये उजेड खालीच पडेल अशी अट, आणि पाटणादेवी परिसरात दिव्यांवर बंधन. ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. आणि आकाशाकडे तोंड केलेला हायमास्ट तुमच्या गावात असेल तर त्याचा रात्रीचा फोटो टाका, खांबावरचं नाव दिसेल असा.